अंदमानात गरवायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमानच्या समुद्रात चार-सहा दिवस रॉड आणि गळ घेऊन जाणाऱ्यांकडून वर्षभर जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. जाळ्याची मासेमारी हा वेगळा विषय, तो इथं नाही. मोठा मासा जिवंत परत सोडायचा, हे धरूनच सगळी उत्तरं लिहिली आहेत.

## ठरवण्याआधी

१. या सफरीत दिवसभर नेमकं काय करतात?

बहुतेक सफरी पोर्ट ब्लेअर (२०२४पासून श्री विजयपुरम) किंवा हॅवलॉक (स्वराज द्वीप) इथून निघतात. एका प्रकारात रात्री जमिनीवर मुक्काम आणि रोज सकाळी बोट. दुसऱ्या प्रकारात मोठ्या बोटीवरच मुक्काम आणि तिच्यासोबतच्या लहान बोटीतून मासेमारी. अंदमान आपल्या बरंच पूर्वेला, पण घड्याळ तेच. त्यामुळे हिवाळ्यातसुद्धा पावणेसहापर्यंत सूर्य वर येतो आणि संध्याकाळी साडेपाचला अंधारून येतं. बोट उजाडताना सुटते आणि पाचच्या आत परतते.

पद्धती तीन. पॉपिंग म्हणजे प्रवाळाच्या कडेवर पृष्ठभागावरून खळखळाट करत आमिष ओढणं. यात मुख्य लक्ष्य जायंट ट्रेव्हली, म्हणजे सगळे म्हणतात तो जीटी. जिगिंग म्हणजे धातूचं वजनदार आमिष तळापर्यंत सोडून झटक्यांनी वर आणणं. यात डॉगटूथ टूना, हेकरू (ग्रूपर), तांबोशीच्या जातीतले मासे लागतात. तिसरं ट्रोलिंग, चालत्या बोटीमागे आमिष ओढणं. सुरमई, वाहू, बाराकुडा, सेलफिश, यलोफिन टूना. एका जागेवरून दुसरीकडे जातानाचा वेळ ट्रोलिंगमध्ये वापरतात.

२. मी अलिबाग-मालवणच्या खडकांवरून गरवतो. एकदम अंदमान झेपेल का?

झेपेल, पण अंगाची तयारी करून जा. खडकावरून ३०-४० ग्रॅमचं आमिष फेकणं वेगळं आणि हलत्या बोटीच्या पुढच्या टोकावर उभं राहून १५० ग्रॅमचा पॉपर सहा तास फेकणं वेगळं. दुसऱ्या दिवशी दुपारी खांदे आणि कंबर बोलू लागतात, आणि नेमकं तेव्हाच हात ढिले पडून मासा सुटतो. निघण्याआधी सहा आठवडे पाठ, पोट आणि मांड्यांचा व्यायाम करा. शिवाय जो रॉड नेणार आहात त्याच रॉडने, गळ काढून टाकलेल्या पॉपरने, मोकळ्या किनाऱ्यावर आठवड्यातून दोनदा ५०-६० कास्ट (फेकी) करा. जाड लाइन स्पूलवरून कधी सोडायची, याचा अंदाज बोटीवर शिकायला गेलात तर पहिला दिवस त्यातच जातो.

३. कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर ते एप्रिलचा मध्य. नैऋत्य मोसमी पाऊस तिथं मे महिन्यातच पोहोचतो आणि मग समुद्र लहान बोटींना योग्य राहत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मासा असतो, पण बंगालच्या उपसागरातल्या वादळांचेही हेच दिवस. डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचं वारं सलग दोन-तीन दिवस उठू शकतं. सर्वांत शांत पाणी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीला मिळतं, आणि बॅरन बेटासारख्या दूरच्या जागा मनात असतील तर आम्ही हाच काळ सुचवतो. १५ एप्रिलपासून पूर्व किनारा आणि अंदमान-निकोबारलगतच्या विशेष आर्थिक क्षेत्रात मासेमारी बंदीचा काळ सुरू होतो. त्यानंतरची तारीख घेताना बोटवाल्याकडून लेखी खात्री करून घ्या.

४. तिथीचा काही फरक पडतो का? पंचांग बघून तारीख घ्यावी का?

खूप पडतो. जीटी चालत्या पाण्यात खातो. प्रवाह प्रवाळाच्या कडेवर आदळला की लहान मासे वर ढकलले जातात आणि तो खालून येतो. पाणी थांबलं की तोही थांबतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ सर्वाधिक, अष्टमीनंतरच्या भांगाच्या दिवसांत सर्वांत कमी.

मग सगळे दिवस उधाणात घ्यावेत का? नाही. ओढ फार असेल तर जिग तळाला पोहोचतच नाही, बोटीखालून तिरका निघून जातो. आमचं मत असं की दशमीच्या आसपास सुरुवात करून पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी संपवावी. पहिले दोन दिवस मंद पाण्यात जिगिंगवर भर, नंतर ओढ वाढेल तसं पॉपिंग.

एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब तिथं लागू नाही, कारण दोन्हीकडे भरती वेगवेगळ्या वेळी येते. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टकच बघा. मुंबईला उधाणात पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, तिथं चढउतार साधारण दोन मीटरचा. तेवढ्यानेही बेटांमधल्या अरुंद खाड्यांत नदीसारखा प्रवाह होतो.

५. किती दिवस आणि किती माणसं?

मासेमारीचे किमान चार पूर्ण दिवस. त्यापेक्षा कमी घेतले आणि दोन दिवस वाऱ्यात गेले तर हाती काही उरत नाही. पोहोचण्याचा दिवस मोकळा ठेवा. परतीचं विमान शेवटच्या मासेमारीच्या दुसऱ्या दिवशी दुपारचं घ्या. २५-३० फुटी बोटीवर चौघे ही कमाल मर्यादा, तिघे उत्तम. पुढच्या टोकावरून एका वेळी दोघेच सुरक्षितपणे पॉपर फेकू शकतात; पाचवा-सहावा माणूस पैसे वाचवायला घेतला तर तो दिवसभर वाटच बघतो.

६. खर्चाचा आकडा एवढा मोठा का असतो?

दर माणशी नसतो, बोटीचा दिवसाचा असतो, आणि त्यातला मोठा वाटा इंधनाचा. १५० अश्वशक्तीची दोन इंजिनं असलेली बोट २० नॉटच्या वेगाने तासाला ६०-८० लिटर पेट्रोल पिते. म्हणून दर ऐकताना पहिला प्रश्न हा विचारा: रोजच्या किती सागरी मैलांचं इंधन यात धरलंय, आणि त्यापलीकडे गेलो तर काय दराने? दुसरा प्रश्न: वाऱ्यामुळे दिवस बुडाला तर पैसे परत, बदली दिवस की काहीच नाही? तिसरा: रॉड मोडला, रील पाण्यात पडलं, तर भाड्याच्या सामानाची भरपाई किती? तुटून जाणारी आमिषं तुमच्या खिशातली. चांगला पॉपर काही हजारांचा असतो आणि पाच दिवसांत दोन-तीन जातात, हे धरूनच चाला.

७. बोट खात्रीची आहे हे कसं ओळखायचं?

फोटो पाहून नाही. हे मागा: बोटीची नोंदणी, स्थानिक मत्स्यविभागाची परवानगी, विमा, आणि तुमच्या तारखांना चालवणाऱ्या तांडेलाचं नाव. मग बोटीवर काय आहे ते विचारा. दोन स्वतंत्र इंजिनं, चॅनेल १६ (संकटसंदेशाचं चॅनेल) ऐकणारा व्हीएचएफ रेडिओ, प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट, इस्रोने विकसित केलेलं संकटसंदेश यंत्र (डॅट) किंवा तत्सम बीकन, प्रथमोपचार पेटी, जाड गळ कापणारी पक्कड. इंधनाचा नियमही विचारा: एक तृतीयांश जायला, एक यायला, एक हाताशी. हे न अडखळता सांगणारा माणूस शोधा. तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा क्रमांक १५५४ आहे, पण किनाऱ्यापासून दूर मोबाइल चालत नाही, म्हणून रेडिओला पर्याय नाही.

८. कुठं मासेमारी अजिबात चालत नाही?

वंडूरजवळचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान (१९८३) आणि हॅवलॉकच्या शेजारच्या बेटांवरचं राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान (१९९६), या दोन्हींच्या हद्दीत नाही. उत्तर सेंटिनेल बेटाभोवती ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर, प्रवेशच निषिद्ध आहे. मध्य आणि दक्षिण अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्रही बंद. बॅरन बेट पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १३५ किलोमीटर. भारतातला एकमेव जिवंत ज्वालामुखी तिथं आहे. त्यावर उतरायची परवानगी नाही आणि आसपास जायलाही बोटीकडे तशी मंजुरी लागते. "कोण बघतंय" म्हणणाऱ्या तांडेलाबरोबर जाऊ नका. अडकलात तर सामान आणि बोट दोन्ही जप्त होतात, आणि तिथल्या माणसांना व प्रवाळाला होणारं नुकसान भरून येत नाही.

## सामान

९. रॉड, रील, लाइन: नेमकं कोणतं?

पॉपिंगसाठी पावणेआठ ते सव्वाआठ फुटांचा, पीई (विणलेल्या पॉलिइथिलीनची लाइन) ८ ते १० साठी बनवलेला रॉड. रील १८००० किंवा २०००० मापाचं, खाऱ्या पाण्यासाठी सीलबंद. शिमानो स्टेला आणि दायवा सॉल्टिगा ही नावं सगळीकडे ऐकू येतील. त्याहून स्वस्त रीलही चालतात, पण ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की लाइन सोडणारा रीलचा ब्रेक, १५ किलोपर्यंत न अडखळता सुटला पाहिजे. ही एक अट सोडू नका. लाइन पीई ८, किमान ३०० मीटर, आठ पदरी. पीईचा आकडा जाडीचा आहे, ताकदीचा नाही. पीई ८ची ताकद साधारण १०० पौंड, म्हणजे ४५ किलो धरा. लीडर, म्हणजे लाइन आणि आमिष यांच्यामधला जाड दोरा, १७० ते २०० पौंडी नायलॉन, दोन ते अडीच मीटर. तो लांब ठेवायचा मोह होतो, पण गाठ रीलमध्ये गुंडाळली गेली तर कास्ट करताना ती गाइडवर (रॉडवरच्या कड्यांवर) आदळते.

जिगिंगसाठी पीई ४ ते ६, ८०००-१०००० मापाचं रील आणि १००-१३० पौंडी फ्लुरोकार्बन लीडर चार-पाच मीटर.

दोन्हींचा प्रत्येकी एक जादा रॉड गटात हवाच. बेटांवर मोडका रॉड बदलून मिळेल अशी आशा ठेवू नका.

१०. ड्रॅग किती ठेवू? "पूर्ण आवळ" असं सगळे सांगतात.

पूर्ण आवळू नका. लाइनच्या ताकदीच्या पाव हिस्सा हे माप: पीई ८ला १० ते १२ किलो. मोजायचा स्प्रिंगच्या काट्याने. लाइन सगळ्या गाइडमधून ओवा, टोक काट्याला अडकवा, रॉड ४५ अंशात धरा आणि दुसऱ्याला काटा सावकाश ओढायला सांगा. लाइन सुटू लागते तेव्हाचा आकडा हा तुमचा ड्रॅग. हाताने ओढून "बरा वाटतोय" म्हणणाऱ्यांचा अंदाज बहुतेक वेळा ५-६ किलोचा निघतो.

कमी ठेवला तर काय होतं? जीटी लागला की पहिल्या दहा सेकंदांत थेट खडकाकडे धावतो. ५ किलोवर तो कडेखाली पोहोचतो आणि लाइन प्रवाळावर घासून तुटते. मासा तोंडात पॉपर घेऊन जातो, तेच वाईट. जास्त ठेवला तर गळ सरळ होतो, स्प्लिट रिंग (गळ आमिषाला जोडणारं कडं) उघडते किंवा माणूस कठड्यावरून ओढला जातो. ६०-६५ किलोच्या माणसाने १० किलोपासून सुरुवात करावी. मासा पळताना ड्रॅगला हात लावू नका आणि लाइन बोटांनी कधीच दाबू नका, पीई लाइन कातडी चिरते.

११. लाइन आणि लीडरची गाठ दरवेळी सुटते. कुठं चुकतंय?

एफजी गाठ शिका, आणि घरी शिका. पीई लाइन ताठ ठेवून लीडरवर आलटूनपालटून १८ ते २० वेढे द्यायचे, ओलं करायचं, मग हातमोजे घालून दोन्ही बाजूंनी कचकचून ओढायचं. ओढल्यावर पीईचा रंग गडद झाला आणि वेढे लीडरमध्ये रुतले तर गाठ बसली. मग लीडरचं जादा टोक कापून, पीईच्याच टोकाने ६-८ अर्धगाठी.

चुका तीनच दिसतात. वेढे एकमेकांवर चढतात, कारण लाइन ढिली होती. ओढणं अपुरं पडतं, म्हणून गाठ माशाच्या पहिल्याच धावेत घसरते. किंवा लीडरचं टोक लायटरने गोल करताना ज्योत पीईला लागते; पीई फार कमी उष्णतेत विरघळते आणि गाठ तिथंच अर्धी होते. हलत्या बोटीवर बांधणं कठीण, म्हणून रोज रात्री प्रत्येक रॉडची गाठ नव्याने बांधून ठेवा (प्रश्न १९ पाहा). पीआर गाठ बॉबिनने अधिक मजबूत बसते, पण ते एक जादा साधन सांभाळावं लागतं.

१२. आमिषं आणि गळ किती न्यावेत?

एका माणसाला पाच दिवसांसाठी: १२० ते २०० ग्रॅमचे चार पॉपर, १८ ते २३ सेंटीमीटरचे चार स्टिकबेट (खळखळाट न करणारी लांबट आमिषं), २०० ते ४०० ग्रॅमचे आठ-दहा जिग, डझनभर असिस्ट हुक (जिगला दोरीने जोडायचे गळ), वीस-पंचवीस दणकट स्प्लिट रिंग आणि २०० पौंडांवरचे दहा स्विव्हल (फिरती कडी). रंगांवर वेळ घालवू नका. वर पॉपरचा आवाज आणि खाली जिगचा आकार जास्त मोलाचा.

जोडणीचा क्रम: लीडर स्विव्हलला बांधा, स्विव्हल स्प्लिट रिंगला, ती पॉपरला. गळ तीनकाटी नको. ७/० ते १०/० मापाचे एकेरी घ्या आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने चेपून टाका. काटा चेपल्याने मासा सुटतो ही भीती लाइन ताठ ठेवणाऱ्याला नसते. माशाच्या तोंडातून, आणि वेळ आलीच तर माणसाच्या हातातून (प्रश्न १८), तो गळ पटकन निघतो.

१३. जिगचं वजन कसं ठरवायचं?

दर १० मीटर खोलीला २०-३० ग्रॅम, हा सुरुवातीचा हिशोब. १०० मीटरवर २५० ग्रॅम. लाइन पाण्यात फार तिरकी जात असेल तर ५०-१०० ग्रॅम वाढवा. जिग तळाला लागला की लगेच दोन-तीन वेढे वर घ्या, नाहीतर प्रवाळात अडकतो. डॉगटूथ बऱ्याचदा तळापासून पहिल्या २०-३० मीटरमध्येच घेतो, त्यामुळे पृष्ठभागापर्यंत झटके देत दमू नका. वर आणा, पुन्हा सोडा.

१४. विमानात रॉड कसे न्यायचे?

मुंबई-पुण्याहून बहुतेकांना चेन्नई, बेंगळुरू किंवा कोलकात्यात विमान बदलावं लागतं, आणि रॉडची नळी तिथंच मागे राहते. जोडणीला किमान तीन तासांचं अंतर ठेवा. नळी कडक प्लास्टिकची, टोकं टेपने बंद, वर नाव आणि फोन नंबर. देशांतर्गत साधारण १५ किलोची मर्यादा जिगमुळे लगेच ओलांडते; जादा वजन आधी ऑनलाइन घेतलं तर स्वस्त पडतं. गळ, आमिषं, पक्कड सगळं चेक-इनमध्ये. रील केबिनमध्ये न्या, पॉवर बँक फक्त केबिनमध्येच चालते. चौघांनी आपापलं सामान एकाच नळीत भरू नका.

१५. आम्ही परदेशातून येतोय. सॅटेलाइट कम्युनिकेटर आणि ड्रोन आणला तर?

आणू नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन भारतात बेकायदा आहे, आणि ट्रेकिंगवाले वापरतात ती उपग्रह-संदेश यंत्रंही त्यात धरली जातात. विमानतळावर अशी यंत्रं सापडून परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. अंदमानात नौदलाचे तळ असल्याने ड्रोनलाही आगाऊ परवानगी लागते.

## बोटीवर

१६. मला बोट लागते. मार्गशीर्षातले गुरुवारचे उपासही असतात. काय करू?

बोट लागणाऱ्यांची पहिली चूक म्हणजे रिकाम्या पोटी निघणं, आणि उपासात नेमकं तेच होतं. उपास असेल तर केळी, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेलं रताळं थोडं थोडं खात राहा; तुपातली साबुदाण्याची खिचडी त्या दिवशी नको. अव्होमिनसारखी गोळी आदल्या रात्री झोपताना आणि सकाळी निघण्याआधी तासभर घेतली तरच उपयोगी पडते, मळमळ सुरू झाल्यावर नाही. तिने झोप येते, म्हणून घरी एकदा घेऊन बघा आणि रक्तदाब वगैरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. बोटीवर नजर क्षितिजावर ठेवा, गाठी बांधत खाली बघत बसू नका, इंजिनाच्या धुराजवळ उभे राहू नका. पाणी माणशी चार लिटर. शाकाहारी डबा आदल्या दिवशी सांगितला की मिळतो.

१७. पॉपरवर मासा उसळी घेतो, पण लागत नाही. आणि लागला तर सुटतो.

पाणी फुटलेलं दिसताच रॉड मागे झटकला जातो, हे नव्वद टक्के कारण. माशाने अजून तोंड मिटलेलं नसतं. ओढणं चालू ठेवा. वजन हाताला जाणवलं की मग कमरेतून दोन-तीन जोरकस खेच. तो चुकला असेल तर पॉपर दोन सेकंद थांबवून पुन्हा एक खळखळाट करा, जीटी बऱ्याचदा परत येतो.

कास्ट बोटीच्या वाहण्याच्या दिशेला ४५ अंशात, कडेच्या पांढऱ्या पाण्याच्या थोडं पलीकडे. रॉडचं टोक पाण्याकडे, बाजूला झटका, मग ढिली लाइन गुंडाळा. पुढच्या झटक्याआधी लाइन ढिली राहिली तर नेमक्या त्याच क्षणी आलेला मासा लागत नाही.

मासा लागल्यावर रॉडचा बुंधा पोटावरच्या पट्ट्यात टेकवा आणि टोक ४५ अंशांच्या वर नेऊ नका. मोडणारे बहुतेक रॉड मासा बोटीशी आल्यावर टोक आकाशाकडे उचलल्याने मोडतात. तांडेल बोट मागे घेऊन माशाला खडकापासून दूर काढतो. त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही फक्त टिकून राहायचं. आणि लाइन खडकावर घासलीच तर? काही जण झटपट ड्रॅग पूर्ण सोडतात, जेणेकरून मासा थांबेल आणि बोट फिरवून कोन बदलता येईल. तांडेल ओरडून सांगत असेल तरच हे करा.

१८. गळ माणसाला लागला तर?

आधी तसं होऊ नये म्हणून: डोळ्यांवर कायम चष्मा, डोक्यावर टोपी, पायात बंद बूट, कास्टआधी मागे नजर आणि मोठ्याने "कास्ट!". पुढे दोघे असतील तर एकाचा पॉपर पाण्यात पडल्यावरच दुसऱ्याने फेकायचा.

लागलाच तर पहिलं काम लाइन कापणं, कारण पॉपरचं वजन आणि बोटीचा हेलकावा जखम वाढवतात. मग गळ पॉपरपासून वेगळा करा. काटा चेपलेला असेल तर तो आला त्या वाटेने मागे निघतो. काटा शाबूत असेल आणि टोक कातडीच्या बाहेर येण्याच्या बेतात असेल तर पुढे ढकलून काटा कापायचा. डोळा, मान, मनगटाची आतली बाजू किंवा सांधा असेल तर हात लावू नका, तसाच पट्टीने स्थिर करून परत फिरा. धनुर्वाताचं इंजेक्शन सफरीआधी घेऊन ठेवा. पोर्ट ब्लेअरला गोविंद बल्लभ पंत रुग्णालय आहे. बोटीवरून तिथं पोहोचायला किती तास लागतील हे सकाळीच तांडेलाला विचारून ठेवा.

१९. रोज संध्याकाळी सामानाचं काय करायचं?

ड्रॅग घट्ट करा, रीलवर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा, पुसा, मग ड्रॅग ढिला करून ठेवा. जोरदार नळाखाली धरलं तर मीठ आत ढकललं जातं. लाइनचे शेवटचे दोन-तीन मीटर बोटांत फिरवा. कुठं खरबरीत लागलं की तिथपर्यंत कापा आणि गाठ नवी. गळाचं टोक नखावर टेकवा, घसरलं तर कानस. स्प्लिट रिंगमध्ये फट दिसली तर ती फेका, वाकवून सरळ करू नका. गाइडच्या आतल्या कड्याला तडा आहे का हे कापसाच्या बोळ्याने कळतं, तंतू अडकतात.

२०. बोटीवर स्वच्छतागृह असतं का?

मुक्कामाच्या मोठ्या बोटीवर असतं. दिवसाच्या उघड्या बोटींवर बहुतेकदा नसतं. महिला सोबत असतील तर ठरवतानाच स्पष्ट विचारा आणि आडोसा असलेली बोट मागा. पाणी कमी पिऊन वेळ मारून नेणं उन्हात धोक्याचं आहे. आडोशासाठी किनाऱ्यावर किंवा खाडीच्या तोंडाशी उतरायचं ठरलं तर तांडेलाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्या समुद्रातही पोहतात. वाळूतल्या बारीक माश्यांसाठी खोबरेल तेलाचा जाड थर बऱ्यापैकी उपयोगी पडतो.

## अडचणीचे प्रश्न

२१. खाण्यासाठी एखादा मासा ठेवला तर चालेल?

जेवणापुरती एक मध्यम सुरमई किंवा लहान टूना ठेवायला आमची हरकत नाही, बोटीच्या परवान्यात बसत असेल तर. प्रवाळावरचे मोठे मासे मात्र ठेवू नका. हेकरू सावकाश वाढतात, आणि जीटीप्रमाणेच एकाच कडेवर वर्षानुवर्षं राहतात. काढले की ती जागा रिकामी होते. दुसरं कारण आरोग्याचं. उष्ण समुद्रांतल्या प्रवाळावरच्या मोठ्या बाराकुडा आणि हेकरूंच्या अंगात सिग्वाटेरा नावाचं विष साठू शकतं. शिजवून, तळून किंवा गोठवून ते जात नाही, आणि चव-वासावरून कळतही नाही.

ठेवलेला मासा लगेच गिलांपाशी चिरून रक्त काढा, आतडी काढा आणि वजनाइतक्या बर्फात समुद्राचं पाणी घालून बुडवा. टूना आणि सुरमई दोन-तीन तास उन्हात राहिली तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. चेहरा लाल, डोकं ठणकणं, अंगावर गांधी. तेही शिजवून जात नाही.

प्रवाळाचा तुकडा, शंख, मोठी शिंपली काहीही उचलून आणू नका, मेलेलं असलं तरी. विमानतळावर सामान तपासतात.

२२. गळाला शार्क, कासव किंवा अवाढव्य हेकरू लागला तर?

शार्क बोटीत घेऊ नका. लीडर हातमोज्याने धरून शक्य तितका गळाजवळ कापा. जायंट ग्रूपर, देवमुशी (व्हेल शार्क) आणि सर्व समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. फोटोसाठीसुद्धा पाण्याबाहेर काढायचं नाही. सेलफिश चोचीला धरून बोटीच्या बाजूलाच, पाण्यात ठेवून सोडा.

लागलेला मासा शार्कने खाल्ला तर तिथं दुसरी फेकही टाकू नका. एकदा आवाजाला सरावलेले शार्क त्या जागी थांबतात आणि तुमचा पुढचा प्रत्येक मासा त्यांचा होतो. किमान एक-दोन मैल दूर जा.

२३. जीटीचं वजन करायचंय, पण त्याला त्रास नको. कसं?

आकड्याला लटकवू नका, जबडा आणि मणका दोन्ही दुखावतात. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी मोजा. १०० सेंटीमीटरचा जीटी साधारण १८-२० किलो, १३० सेंटीमीटरचा ४० किलोच्या आसपास भरतो. जागतिक नोंद ७२.८ किलोची आहे, जपानमधल्या तोकारा बेटांजवळची, २००६ सालची.

फोटोचा कॅमेरा मासा पाण्यात असतानाच तयार ठेवा. ओले हात, एक शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली. बोटं गिलांत घालायची नाहीत. माशाला तापलेल्या डेकवर ठेवू नका, ओल्या गादीवर ठेवा. ३० सेकंदांत परत. प्रवाहाकडे तोंड करून धरा, शेपटीने स्वतः जोर लावला की सोडा.

२४. ८०-१०० मीटरवरून आलेला हेकरू पोट फुगून उलटा तरंगतोय. पाण्यात सोडला तरी खाली जात नाही.

वर येताना दाब कमी होतो, पोहण्याच्या पिशवीतला वायू फुगतो आणि जठर तोंडातून बाहेर येतं. असा मासा तसाच सोडला तर तो पृष्ठभागावर तडफडतो आणि पक्षी किंवा शार्क त्याला संपवतात. बाहेर आलेल्या जठराला सुई टोचू नका, ती पिशवी नव्हे.

उपाय म्हणजे त्याला खोलवर परत पोहोचवणं. खालच्या जबड्याला लावायची, ठरावीक खोलीला आपोआप उघडणारी क्लिप मिळते. ती नसेल तर काटा चेपलेला मोठा गळ उलटा करून जबड्याच्या पातळ त्वचेत अडकवा, लाइन गळाच्या वाकावर बांधा आणि कड्याला मोठ्या माशासाठी दोन-तीन किलोचं वजन लावा. मासा ३०-४० मीटर खाली गेला की लाइनला एक झटका द्या. गळ निघतो आणि मासा पोहत जातो. हे सगळं दोन मिनिटांत झालं पाहिजे, म्हणून सकाळीच बांधून कठड्याला लावून ठेवा. लागोपाठ दोन हेकरू असे फुगून आले तर त्या खोलीवरचं जिगिंग थांबवून उथळ कडेकडे वळा.